राणीच्या हनुवटीवरचे ठिपके

बायको साळूबाई जाऊन चार महिने झाले आणि तिच्या हनुवटीवरचं गोंदण उजव्या बाजूला होतं की डाव्या, हे मच्छिंद्रला आठवेना. तिचा एकच फोटो होता. मोठा करताना फोटोवाल्याने डाग समजून गोंदण पुसलं होतं.

दुपारी तो जुन्या जालन्यात गयासोद्दीनच्या घड्याळाच्या दुकानात बसायचा. दोघांना कॅनडाच्या जुन्या एक सेंटच्या नाण्यांचा नाद. कोणतं नाणं कोणत्या ठशातून निघालं, ते भिंगातून ओळखायचं.

त्या दिवशी नाण्यावरच्या राणीच्या हनुवटीच्या पुढच्या कडेला एक ठिपका दिसला.

“खरचटलं असंल,” मच्छिंद्र म्हणाला.

गयासोद्दीनने त्यावरून काडी फिरवली. “चष्मा बदला, भाऊ. उंच लागतोय. म्हंजे ठशातूनच आला.”

दुसरं नाणं सहा वर्षांनंतरचं, ठसा निराळा. त्यावर दोन ठिपके होते. राणी कायम डावीकडे पाहते. इथं तिची मान जराशी बघणाऱ्याकडे वळली होती.

तिसऱ्यावर मान आणखी वळलेली, हनुवटीची पलीकडची बाजू दिसू लागलेली, आणि तिथं ठिपके तीन. साळूबाईला तीनच होते.

“उजवीकडं,” मच्छिंद्र हळूच म्हणाला. त्याला फार हलकं वाटलं.

चौथं नाणं त्याने मांडलं, पण त्याला पाहवेना. त्याने भिंग गयासोद्दीनला दिलं. गयासोद्दीन बराच वेळ वाकून राहिला, मग स्टूल सरकवून दुसऱ्या बाजूने पाहू लागला.

“काय दिसतंय?”

“मी कुठूनबी बघितलं, भाऊ,” तो डोळा न काढता म्हणाला, “तरी ही तुमच्याकडंच पाहून राह्यली.”