टोस्टवरची गुलाबी बडीशेप

"जिजाजी, मले मावशी कधी करता?"

पैज वर्गमैत्रीण आकांक्षाची होती. विचारलं नाही, तर शाळेच्या आनंद मेळाव्यात स्टॉलवरची सगळी भांडी खुशी घासणार. भांडी घासायची खुशीची अजिबात तयारी नव्हती. शिवाय दहावीत आल्यापासून ती कोणाला घाबरतही नव्हती. व्हिडिओ कॉल चालू होता, ताई शेजारीच बसली होती, तरी तिनं विचारून टाकलं.

दामिनीताईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पण हसली. लग्नानंतर चारच महिन्यांत शेखर नेदरलँडला गेला होता. तेव्हापासून ती जठारपेठेत माहेरीच होती आणि तीन वर्षं व्हिसाची वाट पाहत होती.

शेखरच्या मागून काहीतरी बारीक ओरडलं.

"ते काय आहे, जिजाजी?"

"मांजर. घरमालकिणीचं." तो घाईनं म्हणाला, "अन् दिवाळीपर्यंत ताईचं नक्की, बरं का."

"तुमी दर दिवाळीले नक्कीच म्हणता! बरं, प्लेटीत काय आहे? गुलाबी गुलाबी? दाखवा ना, स्टॉलसाठी पाह्यजे."

"हे? हे टोस्ट आहे. लोणी अन् वरून रंगीत बडीशेप. इथं रोजच खातात."

"नाव?"

"माउशेस."

"मावशी!" खुशी किंचाळली. "पाहा, झाली मी मावशी!" आणि तिनं पटकन स्क्रीनशॉट काढला.

स्टॉलची कल्पना तिचीच होती. 'हॉलंडले गेलात तं हे खाऊनच या!' अशी पाटीसुद्धा रंगवून झाली होती. शेखर ताईला कायम खाण्याचे फोटो पाठवायचा. पाकात चिकटवलेल्या दोन पातळ चकत्या, त्या गरम कपावर ठेवून मऊ करायच्या. साखर भुरभुरलेले छोटे पॉफर्चेस, म्हणजे आपले आप्पेच. काळी खारट गोळी, जी पहिल्यांदा खाणारा थुंकतोच. कांदा लावलेला कच्चा मासा, शेपटीला धरून खायचा. तो फोटो पाहून आई पदर नाकाला लावायची. ताई मात्र म्हणायची, "सवय करा लागन."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी हिवरखेडहून ताईची सासू आली. कौशल्याबाईच्या हातात जिलेबीचा पुडा होता.

खुशीच्या बाबांनी, रामरावांनी, भाजीच्या टोपल्यांवर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, "काय जी विहीणबाई, पेढे नाही, जिलेबी? कोणाले पोरगी झाली?"

कौशल्याबाई हसायला जरा उशिराच हसल्या. "नाही जी भाऊ. गरम निंगून राहिली होती दुकानात, आणली सहज."

सगळ्यांनी खाल्ली. ताईला त्यांनी स्वतःच्या हातानं भरवली. मग एकदम म्हणाल्या, "दामिनी, चांदूर रेल्वे गावच्या शाळेत नोकरी लागली आहे ना, ते सोडू नको, बाई."

"पण मामी, दिवाळीत जायचं आहे ना मले?" ताईनं सासूला विचारलं.

"दिवाळी येते न् जाते. नोकरी हातची जाऊ देऊ नको."

त्या गेल्यावर खुशी भडकली. "सुनेचं चांगलं पाहावत नाही हिले! पोरगा बायकोले नेऊन राहिला तं हिच्या पोटात दुखते. ताई, तू सरळ नाही म्हण."

ताईनं थोडा विचार केला आणि मान डोलावली. नोकरी घेणार की नाही, हे शाळेला शनिवारपर्यंत कळवायचं होतं. मेळावाही शनिवारीच होता. "माह्या नावानं नकार तूच लिहून पाठोव," ताई म्हणाली. "अन् एक टोस्ट माह्यासाठी ठेवजो. तिथं रोज तेच खायचं आहे, तं आतापासूनच खाऊन पाहतो."

मेळाव्यात स्टॉलवर ही झुंबड उडाली. आप्पे संपले. काळ्या गोळ्या मुलांनी खरंच थुंकल्या. टोस्टवरची बडीशेप सर्वात जास्त खपत होती. तेवढ्यात आकांक्षा तिच्या अमरावतीच्या काकूला ओढत घेऊन आली. काकू सहा वर्षं हॉलंडला राहून आलेली. ती आप्पे पाहून हसली, पाटी वाचून हसली, आणि टोस्टपाशी थांबली.

"हे कोणी सांगितलं ग तुला?"

"माह्या जिजाजीनं! तिथं रोज खातात ना?"

"रोज? छे ग!" काकूनं टोस्ट उचलला आणि ते कधी करतात, गुलाबी कधी, निळी कधी, हे कौतुकानं सांगितलं.

खुशी आधी हसली. मग तिनं मोबाइल काढला. स्क्रीनशॉट दोन बोटांनी मोठा केला आणि पाहत राहिली.

"खुशे, गिऱ्हाइक उभं आहे!" आकांक्षा ओरडली. "झालं काय तुले?"

उरलेले टोस्ट खुशीनं गोळा केले आणि शाळेमागच्या गाईपुढे टाकले. भांडी तिनंच घासली. आकांक्षा "अवं, पैज तं तू जिंकली" म्हणत राहिली, तरी सगळी घासली.

घरी आली तेव्हा रामराव भाकर खात होते, आई वाढत होती. आतल्या खोलीतून ताईनं आवाज दिला, "खुशे, माहा टोस्ट आणला का?"

"संपले, ताई."

खुशीनं आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. मग आईबाबांसमोर येऊन बसली.

"पाठोवला का नकार?" आईनं विचारलं.

"नाही. चांदूरच्या शाळेले मी हो कळवलं. ताई सोमवारी रुजू होते, अन् ती हॉलंडले जाणार नाही."

"काहून?" रामरावांचा हात ताटातच थांबला.

"बाबा, जिजाजी खात होते ते गुलाबी टोस्ट तिथं घरी पोरगी झाली तंच करतात. रविवारी आपण जिलेबी खाल्ली ना, ते जिजाजीले पोरगी झाल्याचीच होती."