ओट्याची उंची

परदेशी संस्थेच्या खर्चानं बायकांना गवंडीकाम शिकवतात, त्यात आमची सून तयार झाली. पुढच्या तुकडीला मंजुरी द्यायची का, हे ठरवायला संस्थेच्या बाई घरी आल्या. “कमावायला लागल्यापासून घरात काय बदललं?” “काही नाही,” सून म्हणाली. मी कपाळावर हात मारला. गल्लीतल्या पोरी आशा लावून बसल्यात आणि ही म्हणे काही नाही! बाई चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या आणि थबकल्या. “ओटा एवढा उंच?” “वाकून स्वयंपाक करताना ह्यांची कंबर धरायची. मीच पाडून उंच बांधला,” सून म्हणाली. ओट्याशी भाजी चिरणारा माझा लेक लाजला. “मग तुमचा हात कसा पुरतो?” “स्टूल आहे की माझं.” आम्ही कोपऱ्यात पाहिलं. स्टुलावर मांजर रोजच्यासारखं मुटकुळं करून झोपलं होतं. “उठवू नका त्याला,” म्हणत बाईंनी मंजुरीच्या कागदावर सही ठोकली.