कोरी भिंत

सलग तिसऱ्या दिवशी सान्तियागोहून आलेला तो सुटाबुटातला माणूस एर्मेलिंदाच्या घराभोवती टेप लावत फिरत होता. वाल्पाराइसो बंदराच्या या टेकडीवर गेल्या वर्षी अशीच मापं घेतली गेली, आणि बघता बघता चार घरांची हॉटेलं झाली.

"मावशी, कडी लावून घे," शेजारचा नोल्बेर्तो खिडकीतून कुजबुजला. "आज मापं घेतोय, उद्या नोटीस घेऊन येईल."

कडी कसली लावते ती! गॅसवरची उकळती किटली उचलून एर्मेलिंदा थेट दारात जाऊन उभी राहिली.

"एक पाऊल पुढे टाकलंस तर हे पाणी अंगावर ओतीन! माझा नवरा जहाजावर राबायचा. दर सफरीवरून येताना जहाजाच्या उरलेल्या रंगाचा डबा आणायचा आणि एकेक भिंत रंगवायचा. हे घर मी विकणार नाही!"

"घर नकोय हो बाई!" तो दोन्ही हात वर करून मागे सरकला. "मी डिझायनर आहे. नव्या हॉटेलसाठी मला फक्त ही कल्पना हवीय. एक भिंत पिवळी, एक निळी, एक लाल आणि समुद्राकडची मुद्दाम कोरी, नुसता गंजका पत्रा! अख्ख्या शहरात इतकं देखणं काही दिसलं नाही मला. ही भिंत कोरी ठेवायचं सुचलं तरी कुणाला?"

एर्मेलिंदाने किटली उंबऱ्यावर ठेवली.



"समुद्राला," ती म्हणाली. "चौथ्या सफरीवरून त्याने माझा माणूस परत पाठवलाच नाही."