चोरीची चाल

"चोरी आहे ही! सरळसरळ चोरी!"

पडद्यापलीकडून नवऱ्याचा आवाज आला आणि तिच्या दातांत धरलेला दोरा तुटला. खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या बँकेतल्या बाईंची एक भुवई कोरून झाली होती, दुसरी अर्धीच राहिली.

"काय झालं?" बाई दचकल्या. "काही चोरीला गेलं का?"

"नाही हो. गाणं..." ती पडद्याकडे वळली.

सलून एकच, मधे पडदा. अलीकडे बायकांचं ती बघायची, पलीकडे पुरुषांचं तो. पलीकडे रेडिओ दिवसभर चालायचा आणि नवं गाणं लागलं की त्याची कात्री थांबायची. ही चाल अमक्याची, हा तुकडा तमक्याचा, आणि सगळ्याचं मूळ म्हणे त्याच्या एका लाडक्या सिनेमात. त्या सिनेमाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती, कारण वस्तरा त्याच्या हातात असायचा. तिला मात्र या बडबडीचा वीट आला होता. तो रेडिओ एकदाचा बंद पडावा, असं तिने कितीदा तरी मनात म्हटलं होतं.

मग तापात त्याचे कान गेले. ऑपरेशन झालं, कानामागे यंत्र बसलं, माणसांचं बोलणं परत आलं. गाणी आली नाहीत. "सगळी सारखीच वाजतात," तो एकदाच म्हणाला होता, "डब्यात खिळे घालून हलवावेत तशी." जन्मभर सारख्या चाली पकडत आलेला माणूस हे म्हणत होता. ओळखीचं ऐकत राहा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून रोज संध्याकाळी ती त्याच्याशेजारी बसून तोच सिनेमा बघायची. त्यातला नावाडी गाऊ लागला, की टीव्हीकडे न बघता नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. तो नुसती नकारार्थी मान हलवायचा. आज सकाळी रेडिओ तिनेच लावला होता, तोही गिऱ्हाइकांना करमावं म्हणून.

तिने पडदा जरासा बाजूला केला. खुर्चीत भूगोलाचे सर गालभर फेस घेऊन बसले होते. नवरा वस्तरा हवेत धरून उभा होता.

"नावाड्याचं गाणं पळवलंय हो, आणि वर ढोल बडवलेत! ती चढण ऐका. वर जाते, कडेपर्यंत येते आणि थांबते. तीच ती!"

"काहीतरीच तुमचं," सर फेसातून म्हणाले. "कुठे तो नावाडी आणि कुठे हा धांगडधिंगा! मला तर काडीचं साम्य वाटत नाही."

"सर, तुम्ही कान तपासून घ्या."

सर खो खो हसले आणि हसता हसता एकदम त्याच्या कानाकडे बघू लागले. आपण काय बोललो ते मग त्याच्याही ध्यानात आलं. कानामागच्या यंत्रावर बोटं ठेवून तो जागच्या जागी उभा राहिला.

तिला रडू फुटलं. ज्या कुणा उचल्याने ती चाल ढापली होती, त्याला तिने मनोमन हात जोडले. बाबा रे, तुझं भलं होवो. तुला स्वतःचं काही सुचलं असतं, तर आमचं कसं झालं असतं?

"अहो, माझी भुवई," मागून बाई म्हणाल्या.

"करते हो, एक मिनिट."

गाणं संपून दुसरं सुरू झालं होतं. डोळे पदराने पुसत ती पडदा सारून पलीकडे गेली आणि इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"आणि हे हो? हे कुठून उचललंय?"

त्याने वस्तरा खाली ठेवला. मान तिरकी केली.

"थांब गं," तो म्हणाला. "ऐकू दे."