लतीफभाईंचा शिक्का

लतीफभाईंनी शिशाचा पत्रा मुनिराच्या हातात ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले. भोकं कशी, अगदी ओळीत. कोपऱ्यात त्यांच्या नावाचा शिक्का. जव्हारच्या बाजारात त्यांच्या चाळणीचं भोक कधी वाकडं गेलं नव्हतं, मग लेकीच्या कामात कसं जाईल?

मुनिराचा चेहरा उतरला. "अब्बा, मी काढून दिलेला नमुना?"

"तो घाईत वेडावाकडा झाला होता. मी सरळ केला."

उद्याच्या एसटीने पत्रा मुंबईला न्यायचा होता. तिथल्या इस्पितळात गाठ शोधायच्या यंत्रापुढे तो लावून बघायला तिला एकच दिवस मिळाला होता, तोही कॉलेजातल्या सरांच्या हातापाया पडून. तिला रडू येत होतं, पण रडत बसली नाही. अब्बांना हात धरून उन्हात आणलं.

पत्र्यातून ओट्यावर उजेडाचे ठिपके पडले. "डोळे मिटा," ती म्हणाली आणि पत्रा एक ओळ सरकवला. "आता डोळे उघडून मधलेच ठिपके बघा. पत्रा हलला का?"

"कडा बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"यंत्राला कडा दिसत नाही, अब्बा. रोग्याला दिलेलं औषध गाठीत साठतं, त्याचे किरण तिथून निघतात. गाठ इकडे असो की तिकडे, ओळीतल्या भोकांतून ठिपके सारखेच. वाकड्या भोकांतून जागा कळते. नाहीतर डॉक्टर भलतीकडेच सुरी लावेल."

"असला वाकडा माल माझ्या दुकानातून जाणार नाही."

"मग मी ठोकते." तिने हातोडी उचलली. पहिलाच घाव अंगठ्यावर बसला. ओठ दाबून तिने दुसरा उगारला.

"सोड," लतीफभाई म्हणाले. त्यांनी शिसं वितळवून पत्रा पुन्हा ओतला आणि नमुना समोर ठेवून ठोकायला बसले. सवयीने हात ओळीकडे वळायचा. मुनिरा मनगट धरायची. "वाकडं, अब्बा."

संध्याकाळी खोडाळ्याची हिराबाई नागलीच्या पिठाची चाळण न्यायला आली. पत्रा बघून खो खो हसली. "लतीफभाय, ह्यो पतरा उंदरानी खाल्ला काय?"

लतीफभाईंचे कान लाल झाले. मुनिरा पत्रा कागदात गुंडाळू लागली.

"थांब."

त्यांनी पत्रा परत घेतला, हिराबाईच्या देखत ऐरणीवर ठेवला, आणि कोपऱ्यात शिक्का धरून जोरात हातोडी घातली.