रेतीची चव

कुणालीने माहेरून, कल्याणहून, किडे खाणारं एक झाड धसईला आणलं होतं. त्याच्या कुंडीत रेती लागते, पण ती जराही खारट असली तर झाड मरतं. समोरच्या बांधकामावर रेतीचा ढीग पडला, तेव्हा ती नदीची की खाडीची हे कळायला कुणालीने चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. खात्री पटेना, म्हणून आणखी एक चिमूट चाखली.

शेजारच्या रखमीने ते पाहिलं आणि कुणालीच्या सासूला गाठलं. "ताराबाय, तुझी सून रेती खाते गो. डोहाळे लागलेत तिला!"

लग्नाला चार वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. ताराबाईंनी एसटीडी बूथवरून विहीणबाईंना कळवलं, मुरबाडहून पेढे मागवले आणि आळीत घरोघर वाटले.

संध्याकाळी कुणाली कुंडी भरायला बसली, तर त्यांनी तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं. "अशा दिवसांत वजन उचलू नको गो."

"कसले दिवस? अहो आई, मी झाडासाठी रेती चाखत होते!"

ताराबाईंनी पेढ्यांचा रिकामा खोका उघडून पाहिला.

"पेढे तर वाटून झाले गो. आता तुमी दोघांनीच बघा काय ते."