बादशहाची पसंती

ताइनानहून तैपेई बघायला आलेल्या दोघी बहिणी त्या मोठ्या संग्रहालयात डोंगरांच्या एका लांबलचक चित्रापाशी थांबल्या. चित्रातल्या मोकळ्या आभाळात एका जुन्या चिनी बादशहाच्या मालकीचे लाल शिक्के दाटीवाटीने उमटले होते.

"आवडलं की ठोक शिक्का," धाकटी पेइयिन म्हणाली. "याच्या बायका तरी सुटल्या असतील का गं, ताई?"

शिऊचू हसली. तेवढ्यात तिच्या मानेला मागून काहीतरी गार टेकलं, जरासं दाबलं गेलं आणि अलगद उचललं गेलं. तिने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"मानेला काय लावून घेतलंस?" पेइयिनने रुमाल ओला करून चोळलं. लाल चौकोन पुसट होईना. मग तिचा हात थांबला. "ताई, अक्षरं तीच आहेत. चित्रावरची."

"चल इथून. बाहेर जाऊन नूडल्स खाऊ." शिऊचूने तिचा हात घट्ट धरला आणि दोघी जवळजवळ पळतच दाराशी आल्या.

पहारेकरी आडवा आला. शिऊचूकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पेइयिनला तो अदबीने म्हणाला, "बाई, संग्रहातली वस्तू बाहेर नेता येत नाही."

"वस्तू कसली? मी हिची थोरली बहीण आहे," शिऊचू म्हणाली.

तिच्याकडे कुणीच वळलं नाही.

पेइयिन ओशाळली. "माफ करा हं, चुकून हात लागला," ती पहारेकऱ्याला म्हणाली आणि तिने ताईचा हात सोडला.